माहिती नाही म्हणून नव्हे

डॉक्टर-नर्स स्वतःच फ्लूची लस टाळतात, ते अज्ञानापोटी, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत जागतिक आरोग्य संघटनेने लसीसाठी पहिला क्रम आरोग्य कर्मचाऱ्यांनाच दिला होता. तरी अमेरिकेत जानेवारी २०१० च्या मध्यापर्यंत त्यांच्यापैकी सुमारे ६२ टक्क्यांनी नेहमीची हंगामी लस घेतली होती, साथीची मात्र ३७ टक्क्यांनीच. म्हणजे माणसं तीच, सुईची भीती नसलेली!

अडलं ते 'घाईत बनवली' या शंकेपाशी. १९७६ च्या स्वाइन फ्लू लसीनंतर लस घेतलेल्या दर लाखामागे गिलन-बारेचा (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा दुर्मिळ आजार) साधारण एक जादा रुग्ण आढळला होता, ती आठवण होतीच. शिवाय लस उशिरा आली, तोवर साथ सौम्य वाटू लागली होती.

सक्ती चालते, हे खरं. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात २००५ पासून लस बंधनकारक केल्यावर प्रमाण ९७ टक्क्यांवर गेलं. पण न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये सक्ती केली आणि लसच पुरेना म्हणून ऑक्टोबरमध्ये ती स्थगित केली. आधी साठा, मग फतवा काढायचा ना! रात्रपाळीच्या नर्सला वॉर्डातच लस टोचायची सोय झाली, तरी बराच फरक पडेल.