मदत हवी आहे: लायब्ररी वाचवण्यासाठी कौन्सिलची उधळपट्टी कशी शोधू?

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये आमच्या कौन्सिलने लायब्ररीचे तास निम्म्यावर आणायचं ठरवलंय. कारण नेहमीचंच, पैसे नाहीत. (सल्लागारांना द्यायला बरे असतात!) 500 पौंडांवरचे खर्च कौन्सिलला जाहीर करावे लागतात, म्हणून ती यादी उघडली; पण नोंदी अगदीच मोघम, नुसतं 'व्यावसायिक सेवा'. माहिती अधिकारात अर्ज केला तर कामकाजाच्या 20 दिवसांत उत्तर यायला हवं. पण प्रश्न नेमका कसा विचारू, म्हणजे टोलवाटोलवी होणार नाही? शिवाय 1964 च्या कायद्याने 'सर्वंकष आणि कार्यक्षम' ग्रंथालयसेवा देणं बंधनकारक आहे. हरकती नोंदवताना हा मुद्दा कोणी मांडलाय का? मुदत पुढच्या शुक्रवारी संपतेय.