प्रति: परत आलेल्यांना जमिनी मिळाल्याच की!

पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या म्हणजे त्यांचं भलंच झालं, हे म्हणणं पटलं नाही. जमीन फुकट नव्हती, कर्जावर होती. परदेशी लढायला गेलेले हे सगळे आपणहून भरती झालेले (सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव लोकांनी १९१६ आणि १९१७ असा दोनदा फेटाळला). रोज सहा शिलिंग मिळायचे. त्यात कारकून होते, खाणकामगार होते. गहू ताटात येण्याआधी कुठे असतो हे ठाऊक नसलेलेही असणारच. अशांच्या हाती माळरानाचा तुकडा दिला. पुढे १९२९ मध्ये न्यायमूर्ती पाइक यांनी या योजनेच्या तोट्याची चौकशी केली, तेव्हा कारणं निघाली ती अशीच: गाठीला भांडवल नाही, जमीन अपुरी, शेतीचा अनुभव नाही आणि मालाचे भाव पडलेले.

आणि ज्या 'एमू युद्धा'वर (एमू या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांवर मशीनगन चालवल्या, ते प्रकरण) आपण सगळे खो खो हसतो, त्यातले शेतकरी कोण होते? १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅम्पियनच्या आसपास गव्हाचे भाव कोसळलेले, वर एमूंचे थवे उभ्या पिकात. गाऱ्हाणं घेऊन गेलेल्यांत बरेच माजी सैनिक होते, आणि ते गेले थेट संरक्षणमंत्र्यांकडे. मशीनगन काय करू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! दोन लुईस गन (हलक्या मशीनगन) आणि दहा हजार गोळ्या आल्या. एमू पांगले, एक गन ऐन वेळी अडकली. कर्ज मात्र जागच्या जागी.