गराज सेलमधलं पोस्टर ओरिजिनल की नक्कल? शनिवारच्या आत सांगा प्लीज

जर्सीकर
मंडळी अर्जंट आहे. गराज सेलमधनं वीस डॉलरला एक जुनं पोस्टर उचललं, मला आवडलं, बायको म्हणते आणखी एक कचरा आणलास. शनिवारी फ्रेमवाल्याकडे टाकायचंय. ओरिजिनल आहे का ते कसं ओळखू आणि फ्रेम कशी करू, एवढंच सांगा.

मंजिरी७
कसलं पोस्टर? सिनेमाचं? सर्कशीचं? साइज काय? फोटो टाका की.

जर्सीकर
युद्धातलं हो, वर्गणीचं. फोटो चढत नाहीये. एक बाई उभी, हातात तलवार आणि अमेरिकेचा झेंडा, तिला एक लहान मुलगी बिलगलीय.

तिरपागडा
अमेरिकेची भारतमाता!

सदूभाऊ
पहिल्या महायुद्धातलं रेड क्रॉसचं आहे ते, फेमस आहे, डोळे झाकून सांगतो.

दगडछाप
सदूभाऊ, डोळे उघडून सांगा. रेड क्रॉसचं जे गाजलेलं आहे त्यात नर्स बसलेली आहे आणि तिच्या हातात स्ट्रेचरवरचा जखमी सैनिक आहे, फॉरिंजर नावाच्या चित्रकाराचं. तलवार कुठून येईल तिच्याकडे? जर्सीकर, खाली काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

जर्सीकर
लिहायचं राहिलंच. वर 'दे शॅल नॉट पेरिश'. खाली 3 कोटी डॉलरची कॅम्पेन, अमेरिकन कमिटी फॉर रिलीफ इन द निअर ईस्ट, आर्मेनिया-ग्रीस-सीरिया-पर्शिया. मला वाटलं पोस्टर म्हटल्यावर कळेल.

तिरपागडा
हो, आम्ही सगळे तुमच्या गराजमध्येच बसलोय ना.

दगडछाप
मग हे डग्लस व्होल्क या चित्रकाराचं. 1915 मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली आणि हद्दपाऱ्या सुरू झाल्या, तिथला अमेरिकेचा राजदूत मॉर्गेंथॉ याने तारा केल्या, त्यातनं ही कमिटी उभी राहिली. आधी नाव आर्मेनियन अँड सीरियन रिलीफ असं होतं, 1918 मध्ये तुमच्या पोस्टरवरचं झालं आणि 1919 मध्ये अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, सनद मिळाल्यावर नुसतं निअर ईस्ट रिलीफ. म्हणजे तुमचं 1918-19 चं, प्रश्न मिटला.

मंजिरी७
कसा मिटला? उद्या कोणी नक्कल छापली तर तिच्यावरही तेच नाव येणार ना. मजकुरावरनं चित्र कधीचं ते कळतं, कागद कधीचा ते नाही.

दगडछाप
हे मात्र खरं बोललात. मग भिंग घ्या आणि एखाद्या सपाट रंगाच्या जागी बघा. हल्लीच्या छपाईत चार रंगांचे ठिपके एका शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे दिसतात. शिळाछापात, म्हणजे दगडावरनं छापलेल्यात, वेडेवाकडे दाणे दिसतात, रांगोळी सांडल्यासारखे. पण नुसते ठिपके दिसले म्हणून लगेच नक्कल म्हणू नका, तेव्हाही काही पोस्टरं ठिपक्यांची जाळी वापरून छापत. आमच्याकडे आजोबांच्या काळातल्या रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वती आहेत, त्यात हे दाणे झकास दिसतात. तो प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथं मी दोनदा जाऊन आलोय, ते वेगळं लिहीन कधीतरी. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर या पोस्टरचा स्कॅन आणि मापं आहेत, फुटपट्टी लावून ताडून बघा.

फ्रेमिंगवाला बंड्या
एवढं कशाला? सरळ लॅमिनेशन मारा. माझी सगळी सर्टिफिकेटं वीस वर्षं टकाटक आहेत.

मंजिरी७
अजिबात नको!! लॅमिनेशन परत निघत नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आतल्या ॲसिडनेच पिवळा पडतो, तडकतो. मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा (माउंट), उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच, कागद काचेला टेकता कामा नये, आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका. फाटका असेल तर मागे कापड लावून घेतात, गव्हाच्या खळीने, जी पुढे पाण्याने सुटते.

बंड्या
वीस डॉलरच्या कागदाला दोनशेची काच? धन्य आहे.

अण्णा कोल्हापूरकर
युद्ध आणि मदत म्हटलं की आमच्या वळिवड्याचं नाव कोणी काढत नाही. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-पोरं, 1943 ते 48 इथं छावणीत राहिले. आमचे आजोबा त्यांना दूध घालायचे. पोस्टर नव्हतं काही नव्हतं.

सदूभाऊ
सोलापूरचे डॉ. कोटणीस पण. 1938 ला काँग्रेसनं चीनला डॉक्टर धाडले, सुभाषबाबू अध्यक्ष होते, वर्गणी जमवली होती.

तिरपागडा
आता पुरंदरच्या तहापर्यंत जाऊ या. बाय द वे तलवार घेऊन भुकेल्या पोरांसाठी पैसे मागणं म्हणजे शुद्ध प्रचार. मदत कसली, युद्धाची जाहिरात.

दगडछाप
गंमत म्हणजे ऑटोमन साम्राज्याविरुद्ध अमेरिकेनं युद्ध पुकारलंच नव्हतं. चित्रात भावना भडकवल्यात हे मान्य, पण 1930 पर्यंत या संस्थेनं 11 कोटी डॉलरच्या वर जमवले आणि लाखाच्या वर अनाथ पोरं सांभाळली. अमेरिकन आया ताटात टाकणाऱ्या मुलांना 'भुकेल्या आर्मेनियनांची आठवण कर' म्हणायच्या, इतकं ते घरात शिरलं होतं.

तिरपागडा
म्हणजे आमच्या आईचं 'अन्न हे पूर्णब्रह्म'.

जर्सीकर
थँक्स सगळ्यांना. मुलीच्या सायन्स किटमधलं भिंग लावलं, दाणे वेडेवाकडेच आहेत आणि माप स्कॅनपेक्षा अर्ध्या इंचानं कमी आहे, कडा कापल्यात वाटतं. मधोमध आडवी घडी आहे. आणि हो, मागे सेलोटेप आहे, कोणीतरी पुठ्ठ्याला चिकटवलंय, ते सांगायचं राहिलं. ओढून काढू का?

मंजिरी७
नाहीईई. हात लावू नका. शनिवारची फ्रेम रद्द करा, आधी कागद दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवा. अजून काय काय सांगायचं राहिलंय?

जर्सीकर
फ्रेमवाल्याला ॲडव्हान्स दिलाय.

बंड्या
विकणार असाल तर तीस डॉलर देतो.