बीएस-६ डिझेलला कोणतं ऑइल?

ठाण्याच्या उकाड्यात १५डब्ल्यू-४० हे जाड ऑइलच घाला, असं तुमचा मेकॅनिक म्हणतोय. पण तुमची गाडी २०२१ ची, बीएस-६, म्हणजे डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली). तिथे नुसती जाडी बघून चालत नाही.

डीपीएफमधली काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून होणाऱ्या साफसफाईत, जळून जाते. ऑइलमधल्या धातूयुक्त ॲडिटिव्हची राख मात्र जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसते आणि हळूहळू तो चोंदतो. म्हणून एसीईए या युरोपातल्या गाडी-उत्पादकांच्या संघटनेच्या सी२, सी३ अशा कोडची कमी राखेची ऑइलं निघाली. सी३ मध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे हीच राख, ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. जुन्या डिझेलसाठीच्या स्वस्त १५डब्ल्यू-४० मध्ये ती यापेक्षा बरीच जास्त असू शकते. फिल्टरच्या किमतीपुढे ऑइलमध्ये वाचवलेले पैसे काहीच नाहीत हो!

उकाड्याचं म्हणाल तर ऑइलच्या ग्रेडमधला शेवटचा ३० किंवा ४० हा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा असतो. बाहेर २५ असो की ३८, तापलेल्या इंजिनात फार फरक पडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या रोजच्या घोडबंदर रोडची. रखडत चालवताना रीजनरेशन अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल रिंगांवाटे खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वर सरकलेली दिसली तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता ऑइल बदला. अधूनमधून सकाळी लवकर नाशिक हायवेला अर्धा तास सलग गाडी पळवा.

आणि डबा घेण्याआधी मॅन्युअलमधला एसीईए कोड डब्यामागच्या कोडशी जुळवून बघा. नुसतं ५डब्ल्यू-३० जुळणं पुरेसं नाही.