मीटरगेजचा लाकडी डबा: छत गळतंय, खांब कुजलेत, क्रम काय ठेवावा?

खानापूरकर: आमच्या बेळगावकडच्या संस्थेच्या आवारात मीटरगेजचा (रुळांत एक मीटर अंतर असलेल्या रेल्वेचा) जुना डबा प्रदर्शनाला ठेवलाय. खाली लोखंडी सांगाडा, वर सागवानी अंग, छताला फळ्यांवर कॅनव्हास. कॅनव्हास फाटलाय, अंगाच्या पश्चिमेकडच्या लाकडी खांबांचे बुंधे मऊ झालेत, रंगाचे पोपडे निघतात. सध्या ताडपत्री गुंडाळली आहे. समिती म्हणते आधी रंग मारूया. काय करावं?

सागवान: रंग सगळ्यात शेवटी. अंगाला चिकटलेली ताडपत्री आधी सोडा. आत ओल कोंडून राहते, लाकूड उघड्या पावसापेक्षा लवकर कुजतं. लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड घाला. डब्यापासून पागोळी दीड मीटर तरी लांब पडू दे. आपल्याकडे पाऊस वाऱ्यासकट पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूला पत्रा खाली उतरवा, पण तळाशी हवा खेळायला फट ठेवा.

मग डब्याचे लाकडी खांब. बुंधा जिथे खालच्या तुळईत बसतो तिथेच पाणी मुरतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत जाईल तिथवर कुजलंय समजा. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापा आणि सुकं सागवान १:८ उताराच्या तिरक्या जोडाने बसवा, म्हणजे जाडी ५ सेंमी असेल तर जोड ४० सेंमी लांब. नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला तर आतली ओल तशीच राहते. स्क्रू पितळी घ्या. ओल लागली की साधं लोखंड गंजतं आणि डाग बाहेर येतो.

छताचा कॅनव्हास जाड सुती हवा. फळ्यांवर जवसाच्या तेलातला जाड रंग पसरून ओल्यावरच कॅनव्हास बसवा, आधी लांबीच्या दिशेने ताणा, मग रुंदीच्या. कडेला पट्टीखाली तांब्याचे खिळे. सांधा उताराकडे तोंड करून ठेवा, नाहीतर पाणी त्यातच शिरेल. सागवान ओलं असताना हे काम करू नका, ओलावामापकावर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आल्यावरच करा.

जुना_रंग: रंग काढण्याआधी त्याचा इतिहास वाचून घ्या. पट्टीखाली, जिथे ऊन-पाऊस पोचला नाही अशा जागी एक-एक थर उघडत पायऱ्या करा, ४०० नंबर, मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. बेळगावची लाइन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती. १९५१ ला ती दक्षिण रेल्वेत, १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेत, २००३ ला नैर्ऋत्य रेल्वेत गेली. खालच्या थरांत अक्षरं सापडली तर डबा कोणत्या काळातला दाखवायचा हे ठरवता येतं. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो, तेव्हा छटा जुळवण्याआधी उघडलेला भाग आठवडाभर उजेडात राहू द्या. जुन्या रंगाचा एक पट्टा हात न लावता कायम ठेवा.

जुन्या रंगात शिसं असतं हे गृहीत धरा. कोरडं घासणं आणि ज्वाला लावून रंग उतरवणं पूर्ण बंद. ओलं करून खरवडा, चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा कचरा गोळा करा. आवारात मुलं वावरतात, हे विसरू नका.

रूळ_आणि_खडी: सांगाड्याकडे दुर्लक्ष नको. चॅनेलच्या (सांगाड्यातल्या पन्हळीसारख्या लोखंडी तुळईच्या) कोनात पाला आणि जांभ्याची धूळ साचून ओल धरते, ती काढा आणि पाणी वाहून जाईल अशी भोकं मोकळी करा. लोखंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा, त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात) द्या. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) ३ अंशांनी गरम असेल तेव्हाच रंग धरतो. डिसेंबरात सकाळी दव असतं, ऊन चढल्यावर सुरू करा. हँडब्रेक सोडून लाकडी पाचरी लावा. लावून ठेवला तर ब्रेकचा ठोकळा चाकाला गंजून चिकटतो.

रूळ काँक्रीटमध्ये गाडू नका. खडी आणि स्लीपरच ठेवा, पाणी झिरपायला वाट राहते.

खानापूरकर: शेड आणि रंग एकाच हंगामात होतील का?

सागवान: शेड नोव्हेंबरात उभी राहिली तर लाकूडकाम आणि छत मार्चपर्यंत होईल. नंतर वळीव सुरू होतो, ओला रंग त्यात सापडला तर तो पुन्हा खरवडावा लागतो. बाहेरचा रंग पुढच्या हिवाळ्यावर टाका. समितीला तोवर लोकांना काही दाखवायचंच असेल तर शेडखाली फलक लावा: काम चालू आहे, ते कसं चालतं ते बघा. अर्धवट उघडा डबा बघायलाही लोक येतात. डबा रेल्वेकडून मिळाला असेल तर काय बदलायची मुभा आहे ते कागदपत्रांत आधी वाचा.