मदत हवी आहे: रीफ टँकसाठी जुने सुके खडक कसे तयार करू?

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं सांभाळतोय, खाऱ्या पाण्यात, म्हणजे प्रवाळांच्या (रीफ) टँकमध्ये, पहिल्यांदाच उतरतोय. टँक तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. संप (फिल्टरची खालची टाकी) जोडून झालाय, पाणी अजून भरलेलं नाही. घाई अजिबात नाही.

अडलंय ते खडकांपाशी. ओळखीतल्या एकाने टँक मोडला, त्याच्याकडून वीसेक किलो सुके खडक मिळाले. गच्चीवर पोत्यात पडून होते. वरून पांढरट दिसतात, पण भोकांत टॉर्च मारला की काळपट पापुद्रा आणि किड्यांच्या वाळक्या नळ्या दिसतात. एक तुकडा रात्रभर बादलीत भिजवला, तर सकाळी बाल्कनीत बोंबील वाळत घातल्यासारखा वास. त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट केली, रंग थेट तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाचा.

तर ब्लीच की ॲसिड? ॲसिड म्हणजे बाथरूम धुवायला मिळतं तेच का? पाणी घरच्या आरओचं चालेल? शिवाय एक दुकानदार किलोवर आणखी खडक देतोय, काहींवर चांदण्यांची नक्षी आहे. मेलेलं आहे, काही होत नाही म्हणतो. घेऊ का?

दर्यावर्दी:
आधी शेवटचं. घेऊ नका. चांदण्यांची नक्षी म्हणजे प्रवाळाचा सांगाडा. २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. मेलेला सांगाडासुद्धा त्यात येतो. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडा शोभेला म्हणून घरी आणतात लोक, तेही नाही चालत. हाताने बनवलेले सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खडक मिळतात, कमी पडले तर ते बघा.

स्किमरवाला:
ब्लीच आणि ॲसिडची कामं वेगळी. ब्लीच भोकांतला मेलेला मळ जाळतं, फॉस्फेटला हात लावत नाही. ॲसिड खडकाचा वरचा थरच विरघळवतं, त्या थरात धरून बसलेलं फॉस्फेट त्याच्यासोबत जातं. आतलं मात्र आतच राहतं आणि नंतर महिनोन् महिने झिरपतं. नव्या टँकमध्ये केसाळ शेवाळ माजतं त्यामागे बऱ्याचदा हेच.

माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. ताठ ब्रशने घासा, एकास दहा ब्लीचच्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवा, धुवा, अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्यात ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात वाळवा. ॲसिड करायचंच असेल तर त्यानंतर, गच्चीवर, हातमोजे आणि गॉगल घालून. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. ब्लीचचा अंश उरला असेल तर क्लोरीन वायू सुटतो, तिथे गंमत नाही. निळं टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको, त्यात साबण आणि रंग असतो.

खरं काम पुढे आहे. झाकणाचा ड्रम घ्या, मिठाचं पाणी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), हीटर २६ अंशांवर, आत एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), उजेड बंद. दर आठवड्याला फॉस्फेट मोजा, जास्त आलं की पाणी बदला. हट्टीच असेल तर फॉस्फेट बांधून खाली बसवणारं लँथॅनम क्लोराइड थेंबाथेंबाने, पण ड्रममध्येच. पांढरा गाळ तयार होतो, तो बारीक फिल्टर सॉकमध्ये (गाळायची पिशवी) गाळून घ्या. पाणी न बदलताही आकडा ०.१ पीपीएमच्या खाली टिकला की खडक तयार.

दर्यावर्दी:
आरओबद्दल राहिलं. घरच्या मशीनमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावून बघा.

धागाकर्ता:
बघितलं, ६२ आलं! आमच्याकडे टँकरचं पाणी, नवल नाही. उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी मागवतो. ॲसिड रद्द, दुकानदारालाही नाही कळवलं. सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया खडकांत वाढवणं) ड्रममध्येच उरकता येईल का?

स्किमरवाला:
येईल, पण फॉस्फेट उतरल्यावर, नाहीतर पाणी बदलताना घातलेला अमोनिया वाया जातो. अमोनियम क्लोराइड घालून २ पीपीएमवर न्या, बाटलीतले बॅक्टेरिया टाका. एका दिवसात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की खडक टँकमध्ये हलवा. हलवताना ओलेच ठेवा, वाळले तर बॅक्टेरिया मरतात.