‘गेस्ट्स ऑफ द नेशन’मधील कैद्यांचा वध समर्थनीय आहे का?

फ्रँक ओ’कॉनर यांच्या १९३१ च्या या कथेत आयरिश स्वातंत्र्ययुद्धातील बेल्चर आणि हॉकिन्स या दोन इंग्रज कैद्यांना ठार केले जाते. आधी इंग्रजांनी आयरिश कैद्यांना गोळ्या घातल्यामुळे ‘जशास तसे’ या न्यायाने ते योग्यच होते आणि मारणाऱ्यांनी फक्त आज्ञा पाळली, असे म्हटले जाते; हे मत मला मान्य नाही. प्रत्यक्षातही असे घडले होते. एप्रिल १९२१ मध्ये इंग्रजांनी आयर्लंडमधील कॉर्क शहरात चार आयरिश कैद्यांना गोळ्या घातल्यावर आयरिश बाजूने आपल्या ताब्यातील इंग्रज अधिकारी मेजर कॉम्प्टन-स्मिथ यांना ठार केले. पण ज्याने कृत्य केले त्यालाच शिक्षा व्हावी, ही साधी अट इथे कुठे पाळली गेली? कैद्यांना ठेवलेल्या घराच्या मालकिणीला कामात हातभार लावणाऱ्या बेल्चरचा त्या गोळ्यांशी काहीही संबंध नव्हता. १९२९ च्या जिनिव्हा करारानेही युद्धकैद्यांवर सूड उगवण्यास स्पष्ट मनाई केली.

आज्ञापालनाचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. बेल्चर स्वतःच डोळ्यांना रुमाल बांधू पाहतो, तो अपुरा पडतो, तेव्हा कैद्यांवर पहारा देणारा आयरिश निवेदक बोनापार्ट त्याला जोडायला आपला रुमाल देतो. त्याआधी वाटेत कैदी पळाले तर आपण गोळी झाडणार नाही, हे बोनापार्टला पक्के ठाऊक असते. तरीही तो त्यांना सोडत नाही, सोबतचा पहारेकरी नोबल याने जबाबदारी घ्यावी अशी वाट पाहत राहतो. आज्ञा त्यांचा वरिष्ठ डॉनोव्हन याने आणली हे खरे, पण या वाट पाहण्याचा दोष बोनापार्टच्याच पदरी पडतो, असे मला ठामपणे वाटते.